मूत्ररोगाचा तज्ज्ञ कसा निवडावा?

श्रोतेहो, आपल्या जालना जिल्ह्यातला उन्हाळा कडक. दिवसभर शेतात घाम गाळायचा आणि पाणी मात्र तांब्याभरच प्यायचे. अशाने लघवी दाट होते आणि मुतखड्याला निमित्त मिळते. एके दिवशी कमरेतून कळ निघते, जांघेपर्यंत उतरते, माणूस गडबडा लोळतो. दोन दिवसांनी कळ थांबली की घरचे म्हणतात, ‘पडला खडा, सुटलो!’

खरा धोका येथेच आहे. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच, असे नव्हे. तो नळीत अडकून राहिला तर वरचे मूत्रपिंड फुगते आणि फारसे न दुखता कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून सोनोग्राफी करून खात्री करावी.

मग प्रत्येक खड्याला तज्ज्ञ हवाच का? नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पुष्कळदा आपोआप पडतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. खडा मोठा वा अडकलेला असेल, न दुखताही लघवीतून रक्त जात असेल, किंवा उतारवयात लघवीची धार बारीक झाली असेल, तर तज्ज्ञ गाठावा. मात्र लघवी तुंबली, किंवा कळीबरोबर थंडीताप भरला, तर निवड करीत बसू नये. त्याच रात्री जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

तज्ज्ञ ओळखायचा कसा? पदवी पाहावी. एम.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षे शिकून ‘एम.सीएच. युरॉलॉजी’ ही पदवी मिळते, डी.एन.बी. युरॉलॉजी हीही त्याच तोडीची. नेफ्रॉलॉजिस्ट निराळे, ते मूत्रपिंडावर औषधोपचार करतात, शस्त्रक्रिया करतो तो युरॉलॉजिस्ट. 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवरही द्यायचा असतो. गावच्या गुरुजींनी एवढे वाचून दाखवले, तरी मोठे काम होईल.

नंतर संकोच न करता विचारावे: शस्त्रक्रियेवाचून भागेल का? अशा शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का? सगळा मिळून खर्च किती? आत स्टेंटची नळी ठेवली, तर ती काढायची कोणत्या तारखेला? ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. विसरलेल्या नळीवर पुन्हा खडे चढतात!

जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. पुढे जाण्याची वेळ आली, तर छत्रपती संभाजीनगरचे 1956 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, साठ-एक किलोमीटरवर आहे. मूत्ररोगतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, हे विचारूनच एस.टी. धरावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या कित्येक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड व आधार घेऊन, भरती होण्याआधी, योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, चार जणांना विचारतो. देह ज्याच्या हाती द्यायचा, त्याची चौकशी करण्यात लाज कसली?