डबा दहा मिनिटांचा, वायर दोन दिवसांची

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीचे दिवाणजी चिठ्ठी घेऊन सारखे गोदामातून पेढीत धावताना दिसले. हळदीचं वजन गोदामात व्हायचं आणि आकडा पेढीतल्या संगणकात भरायचा. गोदामात फोनला रेंज नाही. ‘आता वायफाय बसवतोय, बिनवायरचं काम,’ मालक म्हणाले. ते बिनवायरचं काम बघायला मी थांबलो.

बसवायला आलेल्या पोरानं डबा पिशवीतून काढलासुद्धा नाही. आधी टेप काढला. पेढीतल्या स्विचपासून गोदामाच्या तुळईपर्यंत, भिंतीच्या कडेकडेनं, वायर जाईल तसं मोजत गेला. ‘१०० मीटरच्या आत बसलं पायजे काका. पुढं गेलं की भरवसा नाय.’ तांब्याच्या इथरनेट केबलची ही ठरलेली मर्यादा. मालकांनी वायर पत्र्यावरून फिरवायला सांगितली, तेव्हाही उत्तर तेच : १०० मीटर.

भोकं पाडणं, पट्ट्या ठोकणं, वायर ओढणं झालं. मग टोकाला जॅक लावायला तो पोत्यावर बसला. यार्डात हळदीचा वास नाकात बसतो, धूळ बोटांवर. केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, त्यातल्या काही पांढऱ्या, नुसत्या रंगीत रेघेच्या. पिवळ्या बोटांत केशरी रेघ कुठली नि तपकिरी कुठली, कळेना. शर्टाला हात पुसून तो पुन्हा तारा ओळीत लावायचा. दोन तारांची जागा चुकली तर डबा कितीही महागाचा असो, उपयोग शून्य.

त्या डब्याचं, म्हणजे ॲक्सेस पॉइंटचं काम तसं साधं. वायरीतून आलेली माहिती तो रेडिओलहरींवर सोडतो, फोनकडून आलेली परत वायरीत घालतो. कुठल्या फोनला कोणता पत्ता द्यायचा, ते पेढीतला राउटरच ठरवतो. म्हणून गोदामातला फोन पेढीच्याच नेटवर्कात येतो. आधी कुणीतरी इथं दुसरा राउटर जोडून दिला होता. दोघंही पत्ते वाटायला लागले आणि संगणकाला फोन सापडेना. या डब्याला वीजही त्याच केबलमधून मिळते, त्यामुळे पोत्यांजवळ प्लग नको.

पुढे तोच पोरगा साताऱ्यात एका जुन्या वाड्यातल्या कार्यालयात भेटला. काळ्या दगडाच्या भिंती. पलीकडच्या खोलीत लहरी पोचेपर्यंत दम टाकतात, त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या आधी. तिथं रिपीटर लावून झाला होता. पण साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच हवेत, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. यानं पुन्हा वायरच ओढली. खोलीगणिक डबा, सगळ्यांना नाव आणि पासवर्ड एकच, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल मात्र वेगळे : १, ६, ११. एका डब्याला सोडून दुसरा केव्हा धरायचा, हे मुख्यतः फोनच ठरवतो.

या पट्ट्याला वायरीचं कौतुक नवं नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या, कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. ऊस उत्पादकांच्या उसाच्या वजनाचे आकडे गावातल्या संगणकावर दिसू लागले. पुढे संशोधकांनी तिथल्या काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलचे संदेश वापरून पाहिले. शेतकऱ्याच्या हातातली वायर सुटली. मोबाइलच्या मनोऱ्यामागची आणि कार्यालयाच्या भिंतीतली काही सुटलेली नाही.

सांगलीच्या पेढीत डबा तुळईला लागायला दहा मिनिटं लागली, वायरीला दोन दिवस. बिल आलं तेव्हा डब्याची किंमत मालकांनी न बोलता मान्य केली. घासाघीस झाली ती मीटरमागच्या मजुरीवर. ‘वायफायला एवढी वायर कशाला लागते रे?’ असं त्यांनी विचारलं, आणि मजुरीतले पैसे कापले.