ताग-भुशाचे प्लॅस्टिक : खरी ताकद जोडात

प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा भुसा, ताग, काथ्या किंवा भाताचे तूस मिसळून फळ्या, चौकटी आणि मोटारींचे आतले भाग बनवण्याचा धंदा आज जगभर चालतो. कोकणात काथ्या आहे, भातगिरण्यांत तूस आहे. म्हणजे कच्चा माल आपल्या दारातच आहे. पण असा माल पुष्कळदा पावसाळ्यात फुगतो, स्क्रूजवळ तडकतो आणि गिऱ्हाईक तो परत आणते. दोष कुठे असतो?

वनस्पतीच्या धाग्याला पाण्याची ओढ असते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन मात्र मेणासारखी, पाणी झटकणारी. त्यामुळे धागा प्लॅस्टिकच्या पोटात असतो, पण त्याला धरून नसतो. भार आला की तो सुटतो आणि पडलेल्या फटीतून पाणी आत शिरते.

यावरचा उपाय म्हणजे कपलिंग एजंट, अर्थात जोडद्रव्य. मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन यासाठी फार वापरले जाते. त्यातील अॅनहायड्राइड धाग्याशी रासायनिक बंध जोडते आणि त्याची लांब साखळी वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये गुंतते. एकूण वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के पुरते. त्याहून जास्त घातल्यास खर्च वाढतो, ताकद तेवढी वाढत नाही. माल पॉलिथिलीनचा असेल तर जोडद्रव्यही पॉलिथिलीनवर बनलेलेच घ्यावे.

कारागिरांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, भुसा किंवा धागा नीट वाळवावा. ओल राहिली तर वाफेचे बुडबुडे धरतात. दुसरी, उष्णता २०० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये; धागा करपतो आणि माल काळपट, ठिसूळ होतो. तिसरी, यंत्रातून माल सहज सरकावा म्हणून झिंक स्टिअरेट घालण्याची सवय असते. ते या जोडद्रव्याच्या कामात अडथळा आणते. त्याऐवजी धातू नसलेले वंगण वापरावे.

व्यापारी बंधूंनी मोठी ऑर्डर देण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा करावी. दोन कारखान्यांचे सारख्या मापाचे तुकडे वजन करून २४ तास पाण्यात बुडवावेत, मग पुसून पुन्हा वजन करावे. ज्याचे वजन आणि जाडी जास्त वाढली, त्या मालापासून सावध राहावे. कारखानदाराला जोडद्रव्य कोणते आणि किती टक्के, हेही विचारावे. तिथे वाचवलेले पैसे पहिल्याच पावसाळ्यात परत आलेल्या मालात जातात.