टायर, प्रवासी ट्रेलरचे

मोटारगाडीने ओढून न्यावयाच्या व आत निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या फिरत्या घरास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) प्रवासी ट्रेलर व ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन म्हणतात. त्याच्या चाकांना एंजिनाकडून गती मिळत नाही. भार वाहत मागोमाग फिरणे एवढेच त्यांचे काम असते. मोटारगाडीचे टायर सामान्यतः झिजून निकामी होतात, तर ट्रेलरचे टायर पुष्कळदा नक्षी शाबूत असतानाच वयोमानाने, अतिभाराने अथवा अपुऱ्या दाबाने फुटतात. फुटलेल्या टायरचा सुटा पट्टा चाकावरील कवच व तळ फाडतो आणि गॅसची नळी वा विजेच्या तारा तोडू शकतो. म्हणून केवळ नक्षी पाहून टायर बदलण्याचे ठरविणे धोक्याचे आहे.

वर्षातील बराच काळ ट्रेलर उन्हात एकाच जागी उभा असतो. ओझोन व जंबुपार किरण यांनी रबरास तडे जातात. त्यांपासून संरक्षण देणारे मेणासारखे पदार्थ टायर फिरताना व लवताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरात ही क्रिया मंदावते. त्यामुळे पाच-सहा वर्षांनंतर टायर बदलावा, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. अ. सं. सं.मध्ये विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपुढील संकेताच्या अखेरीस निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते (उदा., २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा). दुकानात नवा म्हणून मिळणारा टायरही गोदामात जुना झालेला असू शकतो. खरेदीपूर्वी हा अंक वाचावाच.

मापाच्या आधी ‘एसटी’ ही अक्षरे असलेले टायर खास ट्रेलरसाठी असतात. दोन आसांचा ट्रेलर अरुंद जागी वळताना त्याची चाके आडवी घासली जातात. हा ताण सोसण्यासाठी या टायरांच्या बाजू ताठ ठेवतात. मोटारीचे ‘पी’ चिन्हांकित टायर ट्रेलरला लावल्यास त्यांची भारक्षमता १.१ ने भागून धरावी लागते.

निवडीत भाराचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा होय. समजा, सामान व पाणी भरलेल्या दोन आसांच्या ट्रेलरचे वजन ३,४०० किग्रॅ. असून त्यापैकी १२ टक्के ओढणाऱ्या गाडीच्या जोडावर येते. उरलेले सु. २,९९० किग्रॅ. चार चाकांवर पडतात, म्हणजे प्रत्येकी सरासरी ७४८ किग्रॅ. ‘एसटी २०५/७५ आर १५’ या मापाचा ‘सी’ भारश्रेणीचा टायर ८२५ किग्रॅ. पेलतो, म्हणून तो पुरेसा वाटतो. परंतु स्वयंपाकघर व पाण्याची टाकी एकाच बाजूस असतील, तर त्या बाजूच्या चाकावर ८५० किग्रॅ. भारही येऊ शकतो. त्याच मापाचा ‘डी’ श्रेणीचा टायर ९७५ किग्रॅ. पेलतो व तोच येथे योग्य ठरतो. शक्य तर प्रत्येक चाकावरील भार काट्यावर मोजून घ्यावा, आणि आसाची कमाल क्षमता तिच्यावरील टायरांच्या एकूण क्षमतेहून जास्त नाही ना हे पाहावे.

ही क्षमता पूर्ण दाबासच मिळते. ‘सी’ श्रेणीस दर चौ. इंचास ५० पौंड (सु. ३.५ किग्रॅ./चौ. सेंमी.) व ‘डी’ श्रेणीस ६५ पौंड (सु. ४.६ किग्रॅ./चौ. सेंमी.) दाब लागतो, आणि तो टायर थंड असताना मोजतात. कमी दाबाचा टायर अधिक लवतो व तापतो. वरची श्रेणी घेताना चाकाची कडी व झडप तो दाब सोसतील याची खात्री करून घ्यावी. टायर बलवान आणि कडी दुबळी असा प्रकार विरळा नाही. टायर वरच्या श्रेणीचा घेतल्याने ट्रेलरची स्वतःची भारक्षमता मात्र वाढत नाही.

पूर्वी एसटी टायरांची वेगमर्यादा ताशी सु. १०५ किमी. धरीत. अलीकडील अनेक टायरांवर ‘एल’ (१२० किमी.) वा ‘एम’ (१३० किमी.) हे चिन्ह असते.

दोन आसांच्या ट्रेलरचा एक टायर फुटला की त्याच बाजूच्या दुसऱ्यावर जवळजवळ दुप्पट भार पडतो. तो वरून धड दिसला, तरी त्याचीही तपासणी करावी, व शंका असल्यास दोन्ही बदलावेत.