तारापूरच्या मागांवरचा प्रयोग

व्यवस्थापन सुधारलं की धंदा सुधारतो, हे ऐकायला सरळ वाटतं. अर्थशास्त्रज्ञांत मात्र यावर वाद होता. एखादी पद्धत खरोखर फायद्याची असती तर मालकांनी ती कधीच उचलली असती, असं एका बाजूचं म्हणणं. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हा वाद थेट कारखान्यांत नेला. जागा निवडल्या तारापूर आणि हद्दीपलीकडचं गुजरातमधलं उंबरगाव.

६६ कापड कंपन्यांना विचारणा झाली, १७ तयार झाल्या. सगळ्या घरच्या मालकीच्या. औषधाच्या चाचणीत करतात तसे कारखान्यांचे दोन गट पाडले. महिनाभराची पाहणी दोन्ही गटांची झाली. पुढे चार महिने सल्लागारांची मदत मात्र एकाच गटाला, तीही फुकट.

गोदामांत सुताच्या गोण्यांची अशी थप्पी होती की मागची गोणी हाती लागणं मुश्किल. कुठे चिठ्ठी नाही, नोंद नाही. सूत गुंडाळलेले काही कोन दाबाने चेपलेले. अशा कोनावरून सूत एकसारख्या ताणाने सुटत नाही, म्हणजे ते नव्या कोनावर पुन्हा गुंडाळणं आलंच. कापडातले दोष वहीत उतरायचे, पण दोष कुठल्या मागावर, कुठल्या डिझाइनमध्ये जास्त येतात हे त्या वहीतून कुणी काढत नसे. कारखान्यातलं सरासरी १९ टक्के मनुष्यबळ सदोष कापड दुरुस्त करण्यातच जात होतं.

सुचवलेल्या ३८ पद्धती साध्या होत्या: मागांची वेळच्या वेळी देखभाल, सुताचा नोंदवलेला साठा, दोषांचा रोज आढावा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग आधी हे का केलं नाही? काही पद्धती मालकांनी ऐकल्याच नव्हत्या. काहींचा हिशेब असा की आपला माल शेजाऱ्याइतकाच बरा आहे आणि नफाही होतोय, मग खटाटोप कशाला?

२०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एक अस्सल देशी निरीक्षणही होतं. कंपनी किती मोठी होणार, हे प्रामुख्याने घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती कारभार सोपवायला मालक धजावत नसत.

संशोधक २०१७ मध्ये पुन्हा तिथे गेले. स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, मालकाला वेळ उरला नाही, ही कारणं वारंवार पुढे आली. तरीही मदत मिळालेले कारखाने दुसऱ्या गटाच्या बरेच पुढे होते. शिवाय त्याच मालकाच्या इतर कारखान्यांत यातल्या बऱ्याच पद्धती आपोआप पोहोचल्या होत्या. दुसऱ्या कंपन्यांकडे मात्र त्यांतल्या फारच थोड्या गेल्या.