आवाज फाटतो कुठे?

रेकॉर्डिंग बिघडले की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो, मग संपादन करणाऱ्यावर. डिजिटल वायरलेस माइकच्या बाबतीत गुन्हा बहुधा त्याआधीच घडलेला असतो. वक्त्याच्या कॉलरला किंवा कमरेला अडकवलेल्या डबीत, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये, आवाजाच्या लहरीचे आकडे होतात. रिसीव्हर, कॅमेरा, संगणक हे पुढचे सगळे त्या आकड्यांवरच काम करतात. म्हणून जुळणीचा निम्म्याहून अधिक वेळ या डबीपाशी घालवावा, असे माझे मत आहे.

डिजिटल आवाजाला कमाल मर्यादा असते. मीटरवर तिला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकीचे आकडे उणे असतात. लहर शून्याच्या वर गेली की तिचा माथा सपाट कापला जातो, आवाज फाटतो. टेपच्या काळात मर्यादा ओलांडली तरी आवाज हळूहळू दबत जाई. शिवाय टेपची स्वतःची सळसळ झाकायची म्हणून लेव्हल शक्य तितकी चढी ठेवत. टेप गेली, सवय मात्र राहिली. आज 24 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये दर बिटामागे सुमारे 6 डेसिबल, म्हणजे कागदावर 144 डेसिबलचा पल्ला मिळतो. माइक आणि सर्किट प्रत्यक्षात इतका पल्ला देत नाहीत हे खरे. पण बोलण्यातले सर्वांत मोठे आवाज उणे 12 च्या आसपास ठेवले तर जातात फक्त दोन बिट. शांत म्हणवणाऱ्या खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, त्यामुळे पंख्याची घरघर यंत्राच्या खरखरीच्या आधी कानावर येते. तेव्हा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवून घेण्याचे प्रमाण, थोडा कमी राहिला तर फारसे बिघडत नाही, जास्त झाला तर मात्र इलाज नाही. ‘वन टू थ्री’ म्हणून घेतलेली चाचणी इथेच फसवते. पूर्वरंगात संथ बोलणारा कीर्तनकार गजराला पोचला की मीटर कुठल्या कुठे जातो. गेन ठरवायचा तो गजरावर.

लेव्हल रिसीव्हरवरूनही कमी करता येते, मग एवढी चिंता कशाला? काही संचांत रिसीव्हरवरचे बटण ट्रान्समीटरचाच गेन बदलते, काहींत ते फक्त बाहेर जाणारा आवाज लहान करते. दुसऱ्या प्रकारात फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, फाटलेलाच. कॅमेऱ्याचा ऑटो गेनही बंद केलेला बरा. वक्ता श्वास घ्यायला थांबला की तो खोलीतली गुणगुण वर खेचतो.

याहून वजनदार आक्षेप 32 बिट फ्लोटचा आहे. हे तंत्र असलेल्या ट्रान्समीटरमध्ये गेनची चूक नंतर बरीचशी सुधारता येते, हे मान्यच करायला हवे. पण ही सोय बहुधा डबीतल्या अंतर्गत रेकॉर्डिंगपुरती असते, रेडिओवरून कॅमेऱ्यात पोचणाऱ्या आवाजाला नाही. आणि माइकची कॅप्सूलच आवाजाने भारावून गेली तर कितीही बिट असले तरी त्यांत फाटका आवाजच साठतो. सॉफ्टवेअर खरखर काढते, कापलेला माथा अंदाजाने जोडून देते. पण पदर किंवा मंगळसूत्र माइकवर घासून बुडालेला शब्द त्याला आणता येत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, दागिन्यांपासून दूर लावणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, खोलीची घुमार मात्र तशीच राहते.

राहिला रेडिओचा भाग. छोटे संच बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच वावरतात. या लहरींची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, आणि पाण्याने भरलेले माणसाचे शरीर त्या शोषून घेते. डबी पाठीला आणि रिसीव्हर समोर, म्हणजे मध्ये वक्ता उभा. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला, मध्ये आडोसा नसतानाचा असतो. जुन्या अॅनालॉग संचात सिग्नल क्षीण झाला की आधी खरखर वाढे, कान सावध होत. डिजिटल संच बरेचदा शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि अचानक शब्द गिळतो. त्यामुळे डबी रिसीव्हरच्या बाजूला लावावी, आणि अंतर्गत रेकॉर्डिंगची सोय असेल तर वक्ता बोलायला उठण्याआधीच ते सुरू करावे. गिळलेले शब्द नंतर तिथून काढून घेता येतात.