पॉलिमरविरहित औषधी स्टेंट : वराहधमनीतील परीक्षा

हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविलेले रुग्ण आता आपल्या चिकित्सालयांत नित्य येतात. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या किती काळ घ्यावयाच्या, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. याचे उत्तर बऱ्याच अंशी स्टेंटवरील लेपाशी निगडित आहे.

केवळ धातूचा स्टेंट बसविल्यास धमनीभित्तीला झालेल्या क्षतामुळे स्नायुपेशी वाढतात व मार्ग पुन्हा अरुंद होतो. तो रोखण्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये सिरोलिमसयुक्त व २००४ मध्ये पॅक्लिटॅक्सेलयुक्त स्टेंटला मान्यता मिळाली. पहिले द्रव्य ईस्टर बेटावरील मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले, दुसरे यू वृक्षाच्या सालीतून. (त्याच वंशातील हिमालयीन वृक्ष म्हणजे आपले स्थौणेयक. काही बाजारांत त्याची पाने तालीसपत्र म्हणून विकली जातात. औषधनिर्मात्यांनी हा भेद अवश्य पाहावा.) औषध सावकाश सुटावे म्हणून ते पॉलिमरात मिसळून धातूवर बसविले जाई. औषध संपते, परंतु त्या पहिल्या पिढीतील पॉलिमर तेथेच राही. काही रुग्णांत त्यामुळे दीर्घकाळ शोथ राहून अंतःस्तराचे रोपण लांबले व उशिरा गुठळी झाली. २००६ मध्ये बार्सिलोना येथील युरोपीय हृद्रोग परिषदेत यावरून मोठा वाद झाला.

पॉलिमर वगळण्याचा एक उपाय म्हणजे धातूचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत करून त्यातच औषध धरून ठेवणे. ‘युकॉन’ व ‘बायोफ्रीडम’ हे स्टेंट या मार्गाचे. परंतु आधारद्रव्यावाचून औषध लवकर सुटते. मग ते पुरेसा काळ काम करील काय?

या शंकेचे निरसन प्रथम वराहाच्या हृद्धमनीत केले जाते, कारण तिचा आकार व रचना मानवी धमनीशी जवळची आहे. सशाच्या श्रोणिधमनीत अंतःस्तराचे रोपण विशेषत्वाने पाहतात. स्टेंट धमनीच्या व्यासापेक्षा किंचित अधिक फुगवून मुद्दाम क्षत केले जाते. ठराविक दिवसांनी धमनीचे काप घेऊन नव्या ऊतीची जाडी, शोथ, फायब्रिन व अंतःस्तराचे आच्छादन मोजले जाते.

प्रचलित कालावधी २८ दिवसांचा. पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे, असे माझे मत आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वराहाभ्यासात पॉलिमरयुक्त सिरोलिमस स्टेंटने ३० दिवसांत ऊतिवृद्धी रोखली, परंतु ९० व १८० दिवसांनी तो लाभ उरला नाही. उलट २०१० च्या अभ्यासात १८० दिवसांनी ‘बायोफ्रीडम’च्या धमनीत सिरोलिमस स्टेंटपेक्षा नवी ऊती व शोथ कमी आढळले. अर्थात ही वराहे तरुण व निरोगी असतात; मेदयुक्त, चुनखडी साचलेली मानवी धमनी त्यांत नसते. म्हणून मानवी परीक्षेवाचून निर्णय होत नाही.

ती परीक्षा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तस्रावाचा धोका अधिक असलेल्या २,४६६ रुग्णांत दोन गोळ्या केवळ एक महिना देऊनही हा स्टेंट केवळ धातूच्या स्टेंटपेक्षा सुरक्षिततेत व परिणामात सरस ठरला.

मात्र हा एक महिना प्रत्येक स्टेंटला लागू नाही. रुग्णाकडून रुग्णालयाचा कागद मागून स्टेंटचे नाव व बसविल्याची तारीख पाहावी. गोळ्या अकाली थांबविल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. त्या थांबविण्याचा निर्णय संबंधित हृद्रोगतज्ज्ञाचाच असावा. लसूण किंवा गुग्गुळाचे कल्प द्यावयाचे झाल्यास रक्तस्रावाची शक्यता ध्यानात घेऊन त्यांना आधी कळवावे.