सायमन्सचं नरसाळं

तहसील कचेरीच्या आवारात, शेतकी शाळेच्या मागच्या मोकळ्या तुकड्यावर किंवा धरणाच्या कार्यालयाबाहेर, तारेच्या कुंपणात एक बुटकं नळकांडं दिसतं. वर पाच इंच व्यासाचं नरसाळं, आत पाणी साठवणारी बाटली, आणि नरसाळ्याचा काठ जमिनीपासून एक फूट उंच. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला कुणीतरी तिथं येतं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततं आणि आकडा वहीत लिहितं. कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांना याची आकृती काढायला शिकवतात. आकृतीखाली नाव असतं सायमन्सचा पर्जन्यमापक. आता जागोजागी फायबरचे नवे मापक आले, तरी हे नाव टिकून आहे. ज्याचं हे नाव, तो माणूस मात्र आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. त्याची गोष्ट सांगावी, कारण आजही कुणाला आपल्या गावच्या पावसाची नोंद ठेवायची असेल तर त्याला लागणारं जवळजवळ सगळं शहाणपण त्या गोष्टीत आहे.

जॉर्ज जेम्स सायमन्स १८३८ साली लंडनमध्ये जन्मला. हवामानाचा नाद लहानपणापासूनचा. विशीच्या आतच तो तिथल्या हवामानशास्त्र मंडळाचा सभासद झाला. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान फिट्झरॉय पुढे सरकारी हवामान खात्याचे प्रमुख झाले होते. त्यांच्या हाताखाली सायमन्सनं काही काळ नोकरी केली. त्या खात्याला चिंता वादळांची आणि जहाजांची. सायमन्सला ध्यास होता पावसाचा. १८५० च्या दशकात इंग्लंडात कोरडी वर्षं लागोपाठ आली होती, वाढत्या शहरांना पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उभा होता, आणि देशात नेमका किती पाऊस पडतो हे कुणालाच धडपणे सांगता येत नव्हतं. १८६० साली त्यानं देशभरातल्या १६८ ठिकाणांचे आकडे मिळवून एक छोटी पुस्तिका काढली. पुढे ती ‘ब्रिटिश रेनफॉल’ या नावानं दरवर्षी निघत राहिली. काम वाढलं तशी त्यानं नोकरी सोडली.

त्याचं पुढचं काम मला फार मोलाचं वाटतं. वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यानं निरीक्षक मागवले. स्त्री असो वा पुरुष, वय कितीही असो, समाजाच्या कुठल्याही थरातला असो, रोज ठरलेल्या वेळी मोजायची तयारी हवी एवढंच. खेड्यातले पाद्री, डॉक्टर, जमीनदारांचे माळी, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, घरीच असणाऱ्या बायका असे लोक पुढे आले. मापक त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतला. टपालानं तक्ते यायचे, सायमन्स घरी बसून ते तपासायचा, शंका आली की उलट टपाली विचारायचा. १९०० साली तो वारला तेव्हा अशा ठिकाणांची संख्या ३,४०० च्या वर गेली होती. लंडनमधल्या कॅम्डन स्क्वेअर इथल्या त्याच्या घरामागच्या बागेत त्याचा स्वतःचा मापकही चाळीसहून अधिक वर्षं चालू होता. या हौशी लोकांच्या जाळ्याचा कारभार सरकारी हवामान खात्याकडे गेला तो १९१९ मध्ये.

लोक गोळा झाले, पण त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील का? कुणाचं नरसाळं चौकोनी, कुणाचं गोल. कुणाचं बागेत, कुणाचं कौलांवर. उंचीचा घोळ तर शंभर वर्षांचा होता. १७६६ साली विल्यम हेबर्डेन या डॉक्टरनं लंडनमध्ये तीन मापक लावले : एक घरच्या बागेत, दुसरा त्याच घराच्या छपरावर, तिसरा जवळच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर. वर्षभरात बागेत साडेबावीस इंच पाऊस जमला, छपरावर अठरा आणि ॲबीवर जेमतेम बारा. एकाच जागेवर, एकाच आभाळाखाली, उंचावर जवळजवळ निम्मा पाऊस! विद्वान चक्रावले. कुणी म्हणालं यात विजेचा काही गुण असावा. कुणी म्हणालं खाली येता येता थेंब वाढत जातो. कोडं नीट उलगडलं ते १८६१ मध्ये, आणि उलगडणारा माणूस पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजला गेला : विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत नोकरीला असताना तोही हौसेनं हवामानाच्या नोंदी ठेवत असे. त्यानं दाखवलं की दोष वाऱ्याचा आहे. उंचावर वारा जोरात असतो. तो मापकाला अडतो, वर उसळतो आणि थेंबांना नरसाळ्यावरून पलीकडे वाहून नेतो. पाऊस कमी पडत नाही, पकडला कमी जातो.

सायमन्सनं हे पक्कं करून घेतलं. कर्नल वॉर्ड नावाच्या त्याच्या एका निरीक्षकानं विल्टशरमधल्या कॅन गावी, तर रेव्हरंड ग्रिफिथ यांनी हॅम्पशरमध्ये, वेगवेगळ्या व्यासांचे आणि उंचींचे मापक शेजारीशेजारी मांडून त्यांचे आकडे घेतले. त्यातून ठरलं : पाच इंचांचं तोंड पुरेसं, काठ जमिनीपासून एक फूट. फार खाली असेल तर आजूबाजूच्या जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात, फार वर असेल तर वारा लुबाडतो. तहसील कचेरीतलं ते एक फुटाचं माप आलं ते असं, हौशी माणसांच्या अंगणातून.

हेबर्डेनच्याही आधी, १६७७ पासून, लँकशरमधल्या टाउनली हॉलचा मालक रिचर्ड टाउनली पाऊस मोजत होता. त्यानं बारा इंचांचं नरसाळं छपरावर बसवलं आणि त्याला जोडलेली शिशाची नळी घरात आणली, म्हणजे भर पावसात बाहेर न जाता आतल्या आत पाणी मोजता येई. छपरावरचं नरसाळं, म्हणजे आजच्या नियमानं जागा चुकीचीच. पण टाउनलीनं आपली मांडणी कशी आहे हे सविस्तर लिहून ठेवलं, छापलं. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही त्याचे आकडे कसे वाचायचे हे अभ्यासकाला कळतं. माझ्या मते अचूक उपकरणापेक्षा ही प्रांजळ माहिती मोठी. चांगल्या जागी ठेवलेल्या पण जागा न सांगितलेल्या मापकाचा आकडा वाऱ्यावरचाच. नॉरफकच्या लेडी बेनिंग अनेक दशकं पाऊस मोजत होत्या आणि मुक्काम लंडनला हलला की मापकही सोबत नेत. निष्ठा वादातीत. पण मापक हलला की एका गावची मालिका तुटते. त्यांचे आकडे उपयोगी पडतात ते कधी कुठं मोजले हे नोंदलेलं आहे म्हणून.

या सगळ्या कागदांचं काय झालं? एका ठिकाणचे दहा वर्षांचे महिनावार आकडे एका तक्त्यावर, असे सुमारे ६६,००० तक्ते ब्रिटनच्या हवामान खात्याच्या दप्तरखान्यात होते. त्यांची छायाचित्रं काढलेली होती, पण संगणकाला हस्ताक्षर कळेना. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स (तापमानवाढीच्या निळ्या-लाल पट्ट्यांचं चित्र प्रसिद्ध करणारे ते हेच) यांनी घरी अडकलेल्या लोकांना साद घातली. सोळा हजारांवर स्वयंसेवक बसले आणि सोळा दिवसांत पन्नास लाखांहून जास्त आकडे टंकून झाले. एकेक आकडा अनेकांनी स्वतंत्रपणे वाचायचा, म्हणजे एकाची नजर चुकली तर दुसरा सावरतो. यातून ब्रिटनच्या पावसाचा अधिकृत महिनावार इतिहास १८६२ वरून मागे १८३६ पर्यंत गेला. इंग्लंडातला सर्वांत कोरडा मे महिना २०२० चा समजला जात होता, तो १८४४ चा ठरला. आणि देशातलं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं १८५५, म्हणजे ज्या दशकातल्या टंचाईनं सायमन्सला या कामाकडे ओढलं, त्यातलंच. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांना या प्रश्नांची कल्पनाही नव्हती. त्यांनी फक्त वेळ चुकवली नाही.

आपल्याकडे पाऊस मोजण्याची कल्पना परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे मापकुंड ठेवायला सांगितलं आहे आणि प्रदेशवार पाऊस द्रोणांत दिला आहे : अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमित. कोकणचा पाऊस पाहिलेल्या माणसानंच ते लिहिलं असणार. ब्रिटिश काळात कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून, हवामान खातं १८७५ पासून. तालुक्यातालुक्यांत मापक आले. आता राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत, महसूल मंडळाला साधारण एक. मग घरच्या वहीची गरज काय?

गरज आहे, कारण पाऊस महसुली हद्दी पाळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७४ च्या आसपास. फक्त कुलाब्याचा आकडा उरला असता तर पुढच्या पिढीला तो दिवस साधा पावसाळी वाटला असता. पीकविम्याचा निवाडा मंडळातल्या एका केंद्रावर होतो तेव्हा हाच फरक शेतकऱ्याच्या खिशाला जाणवतो. शिवाय यंत्रालाही राखण लागते. स्वयंचलित मापकात इवली वाटी भरली की पलटते आणि पलट्या मोजल्या जातात. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं तर ती गप्प बसते आणि धो धो पावसात कमी मोजते. जवळपास कुणी साध्या बाटलीनं, इमानानं मोजत असेल तर ही चूक पकडता येते.

सुरुवात कशी करायची? पाच इंचांच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे पावणेतेरा मिलिलिटर पाणी. नरसाळं दुसऱ्या मापाचं असेल तर जमलेले मिलिलिटर गुणिले दहा, भागिले तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावं. शहरात अंगण कुठून आणायचं? गच्चीवर ठेवावं लागलं तर ठेवावं, पण हेबर्डेनचं ॲबी आठवून पहिल्या पानावर इमारतीची उंची, कठड्याची उंची, मापक कठड्यापासून किती लांब, हे सगळं लिहावं आणि मग तो हलवू नये. समोर नवा मजला चढला, झाड तोडलं, बाटली बदलली, तर त्या तारखेला तशी ओळ टाकावी. मोजायची वेळ साडेआठ. आपल्या रिवाजात त्या सकाळी संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्याच तारखेला लिहितात, ब्रिटनमध्ये सकाळी नऊचा आकडा आदल्या दिवसाच्या नावे टाकतात. आपल्या रिवाजामुळेच सांताक्रुझचे ते ९४४ मिलिमीटर दप्तरात २७ जुलैला दिसतात. आपण कुठला रिवाज पाळतो तेही पहिल्या पानावर लिहून ठेवावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर बाटली ओसंडायच्या आत मधेच मोजून रिकामी करावी, बेरीज सकाळी.

दोन दिवस गावाला गेलात तर परतल्यावर जमलेलं पाणी ‘दोन दिवसांचं एकत्र’ असं लिहावं. अंदाजानं वाटणी करू नये. कोरडा दिवस असेल तर शून्य लिहावं. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक असतो, पन्नास वर्षांनी वही उघडणाऱ्याला तो कळलाच पाहिजे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र हात मोकळा सोडावा : वळीव आला, झड लागली, ओढा वाहता झाला, विहीर काठोकाठ भरली. जुन्या माणसांच्या चोपड्यांतही असे उल्लेख सापडतात, बहुधा नक्षत्राच्या हिशोबानं : मृगात पेर झाली, हस्तात काढणी भिजली. ही नक्षत्रं सूर्याची, प्रत्येकी साधारण तेरा-चौदा दिवसांची, दरवर्षी त्याच तारखांच्या आगेमागे येणारी. तेव्हा अशा चोपडीतून पेरणीची अंदाजे तारीख काढता येते. घरात अशी चोपडी असेल तर रद्दीत देण्याआधी निदान तिच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. सायमन्ससारखे तक्ते तपासणारे हात इथंही उभे राहू शकतात. एखादं महाविद्यालय, तालुक्याचं ग्रंथालय किंवा विज्ञान मंडळ हे काम अंगावर घेऊ शकतं, आणि मला वाटतं त्यांनी घ्यावंच.

मापक लावायला मृगाची वाट पाहू नये, दिवाळी संपली की लावावा. पुढचे काही महिने बहुतेक शून्यंच लिहावी लागतील. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत झालेल्या गारपिटीसारखे दिवस याच महिन्यांत येतात. गारपीट अरुंद पट्ट्यातून जाते, एका शिवारात पीक झोपतं आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं, त्यामुळे दूरच्या केंद्राला तिची खबर लागत नाही. तशी वेळ आली तर नरसाळ्यात अडकलेल्या गारा काढून टाकू नयेत, त्या आतच वितळू द्याव्यात आणि मग पाणी मोजावं. मोठ्यातली मोठी गार पट्टीशेजारी ठेवून फोटो काढावा, किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता थांबली ते लिहावं, आणि गावाच्या कुठल्या बाजूला पडली नाही तेही विचारून लिहून ठेवावं.